परक्या गावात सायकोसिस जास्त का? लंडन, त्रिनिदाद, चंदीगड आणि आपण

मृण्मयी_के

मी दक्षिण लंडनमध्ये मानसिक आरोग्य सेवेत सोशल वर्कर आहे. पहिल्यांदाच सायकोसिस झालेली माणसं आमच्याकडे येतात. कोणाला कानात आवाज ऐकू येतात, कोणाची खात्री पटलेली असते की शेजारी पाळत ठेवून आहेत, कोणाचं बोलणं एका वाक्यातून दुसऱ्यात जाईपर्यंत सुटून जातं. बहुतेक वीस-तिशीतली मुलं. त्यांत कृष्णवर्णीय घरांतली मुलं फार जास्त, आणि हे फक्त मला वाटतं असं नाही. १९९७ ते १९९९ या काळात दक्षिण-पूर्व लंडन, नॉटिंगहॅम आणि ब्रिस्टलमध्ये ‘ईसॉप’ नावाचा मोठा अभ्यास झाला. गोऱ्या ब्रिटिशांच्या तुलनेत कॅरिबियन वंशाच्या लोकांत स्किझोफ्रेनियाचं (सायकोसिसचाच एक दीर्घकाळ चालणारा आजार) प्रमाण सुमारे ९ पट निघालं, आफ्रिकेतून आलेल्या कृष्णवर्णीयांत सुमारे ६ पट. दक्षिण आशियाई लोकांत वाढ होती, पण किरकोळ.

वंशातच काही असेल म्हणावं, तर १९९० च्या दशकात जमैका, त्रिनिदाद आणि बार्बाडोसमध्येही मोजणी झाली. तिथलं प्रमाण ब्रिटनमधल्या गोऱ्यांच्या आसपासच होतं. म्हणजे आजी-आजोबा बोटीने इंग्लंडला आले आणि आजारी पडताहेत त्यांची इथे जन्मलेली नातवंडं.

ही तफावत येते कुठून? आणि देशाबाहेर गेलेले मराठी लोक, किंवा गाव सोडून पुण्या-मुंबईत आलेले, यांच्याबद्दल यातून काही कळतं का? डॉक्टर, आकड्यांतले जाणकार, घरात हा आजार पाहिलेले, सगळ्यांनी लिहावं.

पांथस्थ

चांगला विषय. वाचतोय.

ठाम_मत

एवढा विचार कशाला? गांजा. लंडनमध्ये तो किती सहज मिळतो हे तिथे राहणाऱ्या कोणालाही विचारा.

आकडेमोड

मृण्मयीताई, ९ पट या आकड्याला अंश आणि छेद दोन्ही आहेत, आणि दोन्हीकडे शंका घेता येते. छेद म्हणजे त्या भागात त्या वंशाचे एकूण लोक किती. जनगणनेत तरुण कृष्णवर्णीय पुरुष सुटतात हे ब्रिटनमध्ये सर्वांना ठाऊक आहे. पत्ता बदलत राहतो, फॉर्म भरला जात नाही. छेद लहान झाला की दर आपोआप फुगतो. अर्थात ९ पट फुगायला निम्म्याहून कितीतरी जास्त माणसं सुटावी लागतील, तेव्हा सगळं खापर छेदावर फोडता येत नाही.

मला मोठी शंका अंशाबद्दल आहे. निदान कोण करतं? गोरा डॉक्टर, समोर संतापलेला कृष्णवर्णीय मुलगा, त्याला पोलिसांनी आणलेलं. पोलिसांची भीती वाटणं हा त्याच्यासाठी रोजचा अनुभव आहे, डॉक्टरांच्या कागदावर तो ‘संशय’ म्हणून उतरतो. डॉक्टर बदलला की आजाराचं नाव बदलतं हे फार आधी सिद्ध झालंय. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत न्यूयॉर्कचे डॉक्टर लंडनच्या डॉक्टरांपेक्षा कितीतरी सढळपणे स्किझोफ्रेनियाचं निदान करत होते. एकाच ठरावीक पद्धतीने तपासल्यावर दोन्ही शहरांतल्या रुग्णांतला फरक बराचसा गळून पडला. मग लंडनच्या या ९ पटीतलं किती खरं?

डॉ_शमा

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, मराठवाड्यात प्रॅक्टिस करते. आकडेमोड यांची शंका रास्त आहे, आणि तिची उत्तरं शोधली गेली आहेत.

ईसॉपमध्ये अंतिम निदान ठरवणाऱ्या गटासमोर रुग्णाची सविस्तर टिपणं ठेवली जात, पण त्यातून वंश कळेल असं सगळं काढून टाकलेलं असे. तरीही फरक उरलाच. दुसरा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. जमैकाचे मानसोपचारतज्ज्ञ फ्रेडरिक हिकलिंग यांनी लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातले रुग्ण स्वतंत्रपणे तपासले. कृष्णवर्णीय रुग्णांपैकी कितीजणांना स्किझोफ्रेनिया आहे, याचा त्यांचा टक्का ब्रिटिश डॉक्टरांच्या टक्क्याच्या जवळपास आला. पण कोणाला आहे, यावर मात्र बराच मतभेद निघाला. म्हणजे एकूण बेरीज जुळली, माणसं जुळली नाहीत. ज्या मुलाला चुकीचं निदान चिकटलं त्याच्या आयुष्याच्या दृष्टीने हा लहान फरक नाही. तेव्हा चुकीचं निदान होतं हे खरं, आणि केवळ त्याने ही तफावत संपत नाही हेही खरं.

@ठाम_मत, गांज्याचा वाटा नाकारायचं कारण नाही. २०१९ मध्ये युरोप आणि ब्राझील मिळून ११ ठिकाणांचा अभ्यास आला. रोज गांजा ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता सुमारे ३ पट, आणि कडक प्रकार रोज ओढणाऱ्यांत जवळजवळ ५ पट निघाली. कडक गांजा बाजारातच नसता तर लंडनमधले सुमारे ३० टक्के आणि ॲमस्टरडॅममधले सुमारे ५० टक्के नवे रुग्ण टळले असते, असा त्यांचा हिशोब आहे. मात्र लंडनमध्ये गांजा गोरी मुलंही ओढतात. शहरा-शहरांतला फरक गांज्याने बराच उलगडतो, वंशा-वंशांतला तेवढा नाही.

ठाम_मत

डॉक्टर, आकडे दिल्याबद्दल आभार. तरी ३०-५० टक्के म्हणजे लहान गोष्ट नाही. आमच्या भागातल्या कॉलेजच्या पोरांना हे कोणीतरी सांगायला हवं.

डॉ_शमा

तुमच्याशी शंभर टक्के सहमत. माझ्या ओपीडीत गेल्या काही वर्षांत ही मुलं वाढली आहेत.

सांगावा

एक बाळबोध शंका. जे आधीच अस्वस्थ स्वभावाचे असतात तेच घर सोडून लांब जातात, असं नसेल का? आमच्या गावातून पळून मुंबईला गेलेले सगळे आधीपासूनच विक्षिप्त म्हणून प्रसिद्ध होते.

पांथस्थ

सांगावा, अर्धी मुंबई तुमच्या शोधात निघालीय. पत्ता कळवू का?

डॉ_शमा

बाळबोध अजिबात नाही, हा या विषयातला सगळ्यात जुना तर्क आहे. ओडेगोर्ड नावाच्या नॉर्वेजियन डॉक्टरांनी १९३२ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात गेलेल्या नॉर्वेजियन लोकांची नोंद तपासली. मायदेशी राहिलेल्यांपेक्षा त्यांच्यात स्किझोफ्रेनियासाठी दाखल होणाऱ्यांचं प्रमाण जवळपास दुप्पट होतं. त्यांनी तुमचंच कारण दिलं.

पण तो तर्क दोन ठिकाणी अडकतो. २००५ मध्ये तोवरचे सगळे अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. स्वतः स्थलांतर केलेल्यांत धोका सुमारे २.७ पट होता आणि त्यांच्या परदेशात वाढलेल्या मुलांत सुमारे ४.५ पट. मुलांनी तर घर सोडलेलं नाही! दुसरी अडचण सुरीनामची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या जुन्या डच वसाहतीची. तिथे जन्मलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त लोक नेदरलँड्सला गेले. डच संशोधक सेल्टन यांनी हिशोब मांडला: समजा सुरीनामचा अख्खा देशच स्थलांतरित झाला, एकही माणूस मागे राहिला नाही, तर निवडीचा प्रश्नच उरत नाही. तसं धरूनही नेदरलँड्समधल्या सुरीनामी लोकांतलं प्रमाण डच लोकांपेक्षा जास्तच राहिलं.

हेगकर

सुरीनामचं नाव आलं म्हणून लिहितो. मी बरीच वर्षं हेगमध्ये राहतो. इथले सुरीनामी हिंदुस्तानी म्हणजे १८७३ पासून ‘लल्ला रुख’ आणि तिच्या मागोमाग आलेल्या बोटींतून ऊसमळ्यांवर नेलेल्या भोजपुरी-अवधी मुलखातल्या मजुरांचे वंशज. दुकानात गेलं की आजीबाई सरनामी (त्यांची भोजपुरी-अवधीतून घडलेली बोली) बोलतात, मी हिंदीत उत्तर देतो आणि आमचं छान जमतं. ‘बारा’ म्हणून उडदाचा वडा मिळतो, तो गरम असताना खावा. अवांतर झालं, पुन्हा विषयावर येतो.

वंश आणि वस्ती यांचा धागा जितका बारकाईने हेगमध्ये तपासला गेला तितका फार थोड्या शहरांत झाला असेल. इथे सगळ्यात जास्त प्रमाण निघालं ते मोरोक्कन वंशाच्या तरुण पुरुषांत, आणि भेदभावाची झळही त्यांनाच सगळ्यात जास्त बसते. २००८ चा निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. ज्या मोहल्ल्यात आपल्या लोकांची दाट वस्ती आहे तिथे राहणाऱ्यांत धोका बराच कमी होता. ज्या मोहल्ल्यात आपले लोक तुरळक, तिथे जास्त. लंडनमध्येही असंच आढळलं होतं, २००१ मध्ये.

इथले राजकारणी कायम ओरडतात की स्थलांतरित लोक एकमेकांना धरून राहतात, मिसळत नाहीत. आणि आकडे सांगतात की एकमेकांना धरून राहण्यानेच माणसं वाचतात. मला हे मनापासून सांगावंसं वाटतं, कारण इथल्या मराठी मंडळातही काहीजण ‘परदेशात येऊन पुन्हा आपल्याच लोकांत कशाला’ म्हणतात.

मृण्मयी_के

हेगकरदादा, अगदी हेच मला माझ्या कामात दिसतं. गोऱ्यांच्या वस्तीतल्या शाळेत वर्गात एकटाच काळा असलेला मुलगा. दुकानात शिरला की रखवालदार मागे. त्याच्या कानातला आवाज त्याला काय सांगतो हे विचारलं, तर तो रखवालदाराचीच वाक्यं सांगतो.

आईची_लेक

मला थोडी भीती वाटायला लागली आहे. आम्ही मुलगी ३ वर्षांची असताना जर्मनीला आलो. आमच्या गावात दुसरं भारतीय कुटुंब नाही. कुठेतरी वाचलं की लहान वयात नेलेल्या मुलांना धोका सगळ्यात जास्त. खरं आहे का?

डॉ_शमा

तुम्ही वाचलेला निष्कर्ष हेगचाच आहे, २०११ चा, आणि तो खरा आहे. ४ वर्षांच्या आत स्थलांतर झालेल्यांत धोका सर्वाधिक होता. पण ‘पट’ या शब्दाने घाबरू नका, मूळ आकडा बघा. युरोप आणि ब्राझीलमधल्या १७ ठिकाणांची मिळून मोजणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. सायकोसिसचे नवे रुग्ण वर्षाला लाखामागे सुमारे २१, आणि अल्पसंख्य गटांत धोका सरासरी १.६ पट. म्हणजे लाखातले ३०-३५ धरा. उरलेल्या ९९,९०० हून अधिक लोकांना त्या वर्षी काहीही होत नाही. गटांची तुलना करायला ‘पट’ उपयोगी, आपल्या लेकीच्या भविष्याकडे पाहायला नाही. तिला मित्र-मैत्रिणी आहेत ना, शाळेत कोणी चिडवत असेल तर ती घरी येऊन सांगते ना, एवढं बघा.

आईची_लेक

सांगते. हुश्श. धन्यवाद डॉक्टर.

आकडेमोड

१७ ठिकाणांच्या त्या अभ्यासातली एक गोष्ट राहिली. स्पेनमधल्या सांतियागोला लाखामागे ६ आणि पॅरिसलगतच्या भागात ४६, जवळजवळ ८ पट फरक. जिथे स्वतःच्या घरात राहणाऱ्यांचं प्रमाण कमी तिथे सायकोसिसचं प्रमाण जास्त, असा संबंध दिसला. सतत घर बदलणारी, शेजार न टिकणारी वस्ती म्हणा.

आता धाग्याच्या मूळ गृहीतकाबद्दल. ‘मायदेशी प्रमाण कमी, परदेशात जास्त’ हे आपण सगळे धरून चाललोय. २०१८ ते २०२० मध्ये तमिळनाडूतल्या कांचीपुरम भागात, नायजेरियातल्या इबादानमध्ये आणि उत्तर त्रिनिदादमध्ये एकाच पद्धतीने उपचार न मिळालेले रुग्ण शोधले गेले. निष्कर्ष २०२३ मध्ये आले. तिन्हींत सगळ्यात जास्त प्रमाण त्रिनिदादचं. आणि त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाच्या लोकांपेक्षा आफ्रिकन वंशाच्या लोकांत जास्त. तिथे तर कोणी नव्याने स्थलांतर केलेलं नाही. १९९० च्या दशकातल्या कमी आकड्यांवर उभी केलेली इमारत हलते, असं माझं मत.

हेगकर

हलते, पण पडत नाही. इबादान बघा. तिन्हींत सगळ्यात कमी तिथे. लंडनमध्ये ६ पट निघाले ते आफ्रिकेतून आलेलेच. तेव्हा वंशाकडे बोट दाखवणं तरीही बसत नाही.

मृण्मयी_के

आकडेमोड, हे मला माहीत नव्हतं, फार मोलाचं आहे. पण यातून मला उलट अर्थ लागतो. ‘परदेश’ हा मुद्दा नसेलच कदाचित. गुलामगिरी, तुटलेली घरं, वस्तीतली मारामारी हे सगळं मायदेशीही असू शकतं. ईसॉपमध्येच निघालं होतं की १६ वर्षांच्या आत आई किंवा वडिलांपासून दीर्घकाळ दुरावलेल्या मुलांत धोका दोन-तीन पट असतो. आणि हे गोऱ्या मुलांनाही लागू होतं.

लेस्टरची_सून

दक्षिण आशियाई लोकांत वाढ किरकोळ, हे मला पटत नाही. आमच्या नात्यात एक मुलगी होती, नाव सांगत नाही. लग्न करून इथे आली, नवरा रात्रपाळीत, भाषा येत नाही, सासूचा जाच. ती भिंतीशी बोलायला लागली. घरच्यांनी भारतातून अंगारा मागवला, पूजा केली, माहेरी कळवलं नाही. डॉक्टरकडे नेलं तेव्हा दोन वर्षं गेली होती. अशा किती असतील ज्या कोणाच्याच मोजणीत आल्या नाहीत?

डॉ_शमा

ताई, तुमचा मुद्दा आकड्यांतही सापडतो. पूर्व लंडनच्या अभ्यासात पाकिस्तानी आणि बांगलादेशी स्त्रियांमध्ये प्रमाण वाढलेलं आढळलं, त्या समाजांतल्या पुरुषांमध्ये नाही. परक्या घरात, परक्या देशात, दाराच्या आत एकटी पडलेली बाई. ‘दक्षिण आशियाई’ असा एकच रकाना केला की ती त्यात दिसेनाशी होते.

विदर्भ_आशा

मी आशा कार्यकर्ती आहे, यवतमाळकडची. मुलीने हा धागा वाचून दाखवला म्हणून तिच्याकडून लिहून घेते.

तुम्ही लंडनचं मोजता, आमच्या गावात कोण मोजलं? आमच्या वस्तीत एक पोरगा आहे. बारावीला हुशार होता. नंतर रात्री-रात्री शिवारात फिरायला लागला, कोणीतरी मोबाईलमधून मला बोलतं म्हणे. बाप त्याला देवऋषीकडे घेऊन गेला, मग दर्ग्यावर, मग दुसऱ्या गावच्या मंदिरात. प्रत्येक ठिकाणी पैसे गेले, एक बैलजोडी गेली. आता तो गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहतो, बाहेरून कडी. आई ताट सरकवते. माझ्या रजिस्टरमध्ये गरोदर बाया आहेत, टीबीचे आहेत, बीपी-शुगरचे आहेत. त्याच्यासाठी लिहायला जागाच नव्हती. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तर म्हणाल्या जिल्ह्याला न्या. जिल्ह्याला न्यायला गाडी कोण करणार आणि त्याला गाडीत कोण बसवणार?

बाकी मला तुमचे आकडे पूर्ण कळले नाहीत, पण माणूस सापडला तर आकडा होतो एवढं कळलं.

पांथस्थ

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून काय लिहावं सुचत नाही. लिहिलंत हे फार बरं केलंत.

डॉ_शमा

विदर्भ_आशा ताईंनी आपल्या राज्याच्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बंगळुरूच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेने १२ राज्यांत केलं. गुजरात होतं, मध्य प्रदेश, छत्तीसगड होतं. महाराष्ट्र नव्हता. आपण देशाच्या सरासरीवरून स्वतःचा अंदाज बांधतो.

कांचीपुरमच्या पाहणीत संशोधकांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. ते फक्त दवाखान्यांच्या नोंदींवर थांबले नाहीत. गावातले वैदू, मांत्रिक, मंदिरं, आरोग्यसेविका अशा सगळ्यांकडे चौकशी करून रुग्ण शोधले. आपल्याकडे मोजणी करायची तर याच रस्त्याने जावं लागेल.

भारतातली आणखी एक गोष्ट, जी पाश्चात्त्य मोजणीत सहज निसटते. जागतिक आरोग्य संघटनेचा दहा देशांचा अभ्यास १९९२ मध्ये पूर्ण छापून आला. त्यात चंदीगड शहर आणि आसपासची खेडी होती. स्किझोफ्रेनियाची काटेकोर व्याख्या लावली तर जगभर प्रमाण लाखामागे ७ ते १४, फार फरक नाही. सैल व्याख्या लावली तर १६ ते ४२, आणि ते ४२ चंदीगडच्या खेड्यांतलं. ही जास्तीची माणसं कोण? त्यांत अचानक सायकोसिस होऊन पूर्ण बरे होणारे बरेच. १९९४ मध्ये सुसर आणि वांडरलिंग या संशोधकांनी याच माहितीतून दाखवलं की असा झपाट्याने येऊन ओसरणारा सायकोसिस विकसनशील देशांत सुमारे १० पट आढळतो, आणि स्त्रियांत पुरुषांच्या दुप्पट. माझ्याकडे अशा बायका येतात. तापानंतर, बाळंतपणानंतर, घरातल्या मोठ्या भांडणानंतर. वेळेवर औषध मिळालं तर काही आठवड्यांत पुन्हा स्वयंपाकाला लागतात. त्यांना आयुष्यभराचा स्किझोफ्रेनिया म्हणून शिक्का मारणं हा अन्याय आहे.

सातारचा_मास्तर

निराश होऊ नका मंडळी. आमच्या साताऱ्यात ‘परिवर्तन’ संस्थेने स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी काम केलं. गोवा, सातारा आणि तमिळनाडू अशा तीन ठिकाणी चाचणी झाली, २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. स्थानिक लोकांनाच प्रशिक्षण दिलं. ते घरी जायचे, औषध चालू आहे का बघायचे, घरच्यांशी बोलायचे, कामाला लागायला मदत करायचे. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा याचा थोडा जास्त गुण आला, आणि औषध सुटण्याचं प्रमाण कमी झालं. कार्यकर्ते डॉक्टर नव्हते. यवतमाळच्या ताईंसारखेच होते.

विदर्भ_आशा

असं प्रशिक्षण आमच्याकडे दिलं तर मी सगळ्यात आधी नाव देईन.

लातूरकर_०७

हा धागा दोन दिवस वाचतोय. मूळ प्रश्नात ‘गाव सोडून पुण्याला आलेले’ असं होतं म्हणून धीर करून विचारतो. माझा चुलतभाऊ स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत राहतो. तीन महिने झाले, रूमवरचे मित्र आपल्याविरुद्ध कट करतात म्हणतो. रात्री झोपत नाही, कधी एकटाच हसतो. काकांना वाटतं अभ्यासाचं टेन्शन. घरी आणावं, की तिथेच दाखवावं? आणि कोणाला?

डॉ_शमा

घरी आणायची वाट बघू नका, पुण्यातच दाखवा, या आठवड्यात. जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभागाची ओपीडी असते, खर्च नाममात्र. न्यायच्या आधी १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर फोन करा. चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं, जवळचं केंद्र सांगतात. पहिल्या लक्षणापासून उपचारापर्यंत जितका वेळ जातो तितकं बरं होणं लांबतं, म्हणून घाई. त्याच्याशी कट खरा की खोटा असा वाद घालू नका. ‘तुला झोप नाही, त्रास होतोय, एकदा दाखवून घेऊ’ एवढंच म्हणा. तो स्वतःला किंवा कोणाला इजा करायचं बोलला, तर ओपीडीची वाट न बघता थेट तातडीच्या विभागात न्या. औषधाचं नाव इथे कोणी सुचवू नये.

ठाम_मत

लातूरकर, मी पुण्यातच आहे, मंडईजवळ. सोबत कोणी हवं असेल तर खरडवहीत लिहा. मी येतो.

मृण्मयी_के

लातूरकर, डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्याच्याबद्दल तारखांसकट लिहून न्या: झोप कधी बिघडली, कट पहिल्यांदा कधी बोलला, गांजा किंवा दुसरं काही घेतो का, खोली किती वेळा बदलली, गावाकडचं कोणी जवळ राहतं का. शेवटचे दोन प्रश्न आमच्या फॉर्ममध्ये नाहीत. मी पुढच्या टीम मीटिंगला ते घालायला सांगणार आहे.

लातूरकर_०७

ठाम_मत दादा, खरडवहीत नंबर टाकलाय. काकांशी आत्ताच बोललो, ते आज रात्रीच्या गाडीने निघतायत.